कालची तक्रार

दारव्ह्याच्या कापूस जिनिंगच्या ऑफिसात अर्पिता कामाच्या वेळेत चोरून गोरबोलीच्या, म्हणजे बंजारा बोलीच्या, शब्दकोशाचं ॲप बनवायची. हे फक्त शेजारच्या टेबलावरच्या शबानाला ठाऊक होतं.

एका दिवसाची सुट्टी घेऊन ती उमरखेडहून परतली, तर साहेबांनी त्या ॲपवरून तिच्याविरुद्ध आलेली तक्रार घडी करून तिच्या हाती दिली.

कागद न उघडताच ती शबानासमोर उभी राहिली. "तू काहून सांगितलं?"

"मी? काल तूच तर माह्याजवळ बसून लिहिली."

"काल मी उमरखेडले होती."

अर्पिताने घडी उलगडली. अक्षर तिचंच होतं. तिने कॉम्प्युटर चालू केला. महिनाभर अडलेलं ॲप काल दुपारी पूर्ण झालं होतं.

शबानाने खुर्ची मागे सरकवली.

"मंग तू कोण हायेस, बाई?"