तीन मुके

आम्हा सर्बियन लोकांत घरच्या संताच्या सणाला दारात आलेल्या पाहुण्याच्या गालाचे तीन मुके घ्यायचे असतात. शेजारच्या देसांकाने मला मात्र फाटकातच अडवलं.

"मिलुन्का, आधी त्या कांजिण्यांच्या खपल्या पडू देत, मग ये!"

"अगं, सगळ्या वाळल्यात. आता लागण होत नाही."

"मोठी आली डॉक्टरीण!" म्हणत ती आत वळली आणि तिने तीस पाहुण्यांचे मुके घेतले.

दुसऱ्या दिवशी तिच्याच अंगावर फोड उठले. कुंपणापलीकडून ती किंचाळली, "फाटकातूनच रोग लावलास गं, अवदसे!"

"फाटकातून कशाला? पंधरा दिवसांपूर्वी माझ्या घरच्या सणाला तूच माझे तीन मुके घेतलेस. मला फोड उठले दुसऱ्या दिवशी, पण तेव्हा माझा चेहरा कसा नितळ होता. काल तुझा होता ना, अगदी तस्सा."