आळंबीखालचं नाव

आश्विनातल्या उन्हात फिरताना नीरजा बांधावरच्या आळंबीपाशी वाकली.

"ती राहू दे गं, कडू असते," सुलभावहिनी घाईने म्हणाली.

"फोटो तर काढू दे!"

हल्ली माणसाला पुरताना सोबत बुरशी पेरत. उगवलेल्या आळंबीच्या छत्रीखालची नक्षी वाचून फोन त्या माणसाचं नाव सांगे.

फोनवर अक्षरं उमटली : हेमंत गावणकर, मृत्यू दोन वर्षांपूर्वी.

पण हेमंतदादा तर नीरजाला रोज दुबईहून व्हिडिओ कॉल करायचा.

"ती यंत्राने केलेली नक्कल आहे," वहिनी रडत म्हणाली. "तिच्याशी बोलल्यावरच आईंना घास उतरतो."

"दादाच्या शब्दाखातर मी काल सलीलला लग्नाला नकार कळवला, वहिनी. तो शब्द कोणाचा होता?"

"माझा. तूही गेली असतीस, तर आईंजवळ मी एकटीच उरले असते."