समोरची खुर्ची

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला एकट्यानंच टेबलावर खेळण्यातले शिपाई मांडून, दोन्ही बाजूंनी लढाया खेळायचा नाद होता. या खेपेला त्यानं खिंडीतली एक गाजलेली लढाई आजच्या काळात आणली. तलवारींच्या जागी बंदुका आल्या आणि खिंडीच्या जागी त्याचीच गल्ली, पुठ्ठ्याची. मूळ लढाईत शत्रूनं चोरवाटेनं येऊन मूठभर शिपायांना मागून गाठलं होतं. इथे ती वाट म्हणजे त्याच्या घरामागचा बोळ. तो त्यानं मुद्दाम बनवलाच नाही. निदान आज तरी बिचारे वाचावेत.

शत्रूची चाल आली की तो उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचा. आज बसला, तर खुर्ची उबदार लागली. ऊन आलं असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं. पण पडदा तर ओढलेला होता.

पुढच्या चालीला ती आणखी गरम होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

तिसऱ्यांदा त्याला उठवेना. "चाल तुझी," तो आपल्याच जागेवरून चेष्टेनं पुटपुटला. टेबलावर काहीच हललं नाही. त्याला हायसं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "अहो, मागच्या बोळात ही एवढी माणसं कशाला जमलीत?"