ध्यानवर्गातली घंटी

घरच्या आजाऱ्यांची सेवा करून जीव मेटाकुटीला आलेल्यांसाठी ध्यानवर्ग होता. तो घेणाऱ्या प्राध्यापक मॅडमनी ऐनवेळी आपल्या संशोधन सहायिकेच्या गळ्यात मारला होता आणि तिचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. “घंटी वाजली की डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या,” म्हणत तिने पितळी घंटी वाजवली. डोळे मिटणं राहिलं बाजूला, अख्खा वर्ग ताडकन उभा! एक काकू तर “आले हं, सासूबाई!” म्हणत पायात चपला सरकवून दारापर्यंत पोचल्यासुद्धा. “अगं पोरी,” एक आजोबा हसत म्हणाले, “आमची आजारी माणसं घंटी वाजवूनच तर आम्हाला बोलावतात!” हशा पिकला, सगळे खाली बसले. काकू मात्र कडीवर हात ठेवून तशाच चुळबुळत उभ्या. “बसा ना काकू. सासूबाईंजवळ कुणीतरी असेलच की,” सहायिकेने समजावलं. “त्या मागच्याच महिन्यात गेल्या गं,” काकू ओशाळून म्हणाल्या, “पण हे पायांना कोण सांगणार?”