तिसरा हेडफोन

"हाही बिघडलेलाच आहे," म्हणत मैथिलीने तिसरा हेडफोन काउंटरवर ठेवला. "डावीकडून काहीच येत नाही. दोन हजारांत धड वस्तू मिळतच नाही का हो?"

घरचा जुना हेडफोनही असाच दगा द्यायचा. गाण्यातला तबला गायब व्हायचा, आणि गेममध्ये डावीकडून येणाऱ्या शत्रूची चाहूलच लागत नसे. दरवेळी तीच आधी मरायची.

दुकानदाराने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. "ताई, दोन्ही बाजू खणखणीत वाजताहेत. उलटा घालून बघा बरं."

तिने घातला. मघाची मुकी बाजू उजव्या कानावर येताच तबल्याची थाप न् थाप ऐकू आली. डाव्या कानात मात्र तीच शांतता.

हेडफोन काढून तिने उजव्या कानात बोट घातलं. समोर दुकानदाराचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. बोट काढलं, तेव्हा तो विचारत होता, "मग हाच देऊ ना?"

"नको, नको," ती घाईघाईने म्हणाली. "याहून भारी दाखवा. कितीचाही चालेल."