हलका दर

पिशवीवाल्या काकांनी मंगळवारीही हलकाच दर निवडला आणि टेबलामागे बसलेल्या नणंदेने नाक मुरडलं.

खरं तर दाराशेजारची पाटी तिनेच रंगवली होती. मालिश, शेक, श्वासाचे व्यायाम, काहीही घ्या, दर तीन. पूर्ण, मधला आणि हलका. ज्याला जो झेपेल तो त्याने निवडावा, कारण विचारलं जाणार नाही. कडक इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून कुणी आठवड्यातून पाच दिवस सकाळचा अख्खा तास हलक्या दरात अडवेल, असं पाटी रंगवताना तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"यांच्यापायी काल पूर्ण दरवाले दोघं परत गेले, वहिनी," ती म्हणाली.

मालिश करणारी वहिनी हसली. पाटीवर तूच लिहिलंयस ना, कारण विचारायचं नाही म्हणून, असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

काका पहिल्यांदा आले ते मान अवघडली म्हणून, आणि तेव्हा त्यांनी निमूटपणे पूर्ण दर दिला होता. मालिश चालू असताना वहिनीच्या हातून तेलाची बाटली निसटून पडली. हात तेलकट झालेत, असं म्हणून तिने हसण्यावारी नेलं. उठताना काकांनी आधारासाठी तिचा हात धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. चक्कर आली असेल, म्हातारं माणूस, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा हजर. आता म्हणे पाठ. सहा आठवडे रोज यावं लागेल, आणि रोज यायचं तर आपल्याला हलकाच दर परवडतो, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

तेलकट हातांची गोष्ट मात्र खोटी होती. दोन महिन्यांपासून वहिनीची बोटं बधिर होत होती. सकाळी डब्याचं झाकण उघडेना, पाठीमागे ॲप्रनची गाठ बसेना. नणंदेला तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं. डॉक्टरकडे जायचं तिने टाळलं होतं, कारण तो काम बंद करा म्हणणार, आणि दोघींचं घर चालत होतं ते याच दोन हातांवर. विचार आला की ती पुढच्या माणसाला आत बोलवायची.

काकांचे नखरे मात्र विचारू नका. मालिश नको. घरून आणलेली धान्याची पिशवी गरम करून ती पाठीवर धरून बसायचं, दोन्ही हातांनी, बोटं पसरून.

"मनगट सरळ," काका पालथं पडूनच सांगायचे. "वाकलं की मला कळतं."

मग बोटं मिटा. आता उघडा. अंगठा फिरवा, सावकाश. पाठीला बरं वाटतं, असं म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी दोन कडक कापडी पट्टे आणले. तुमच्या मनगटाचं हाड मला टोचतं, हे बांधत जा, म्हणाले. "नवे आहेत. घरी झोपतानाही घालून ठेवा, म्हणजे मऊ पडतील."

नणंदेने हे ऐकून कपाळाला हात लावला. हलक्या दरात हा माणूस आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय, असं तिचं स्पष्ट मत पडलं.

वहिनीला मात्र काकांविषयी माया वाटू लागली होती. घरी पाठीवर हात ठेवायलाही कुणी नसेल, त्याशिवाय कोण येऊन असं तासभर पडून राहील? ती त्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलायची. काका हुंकार द्यायचे आणि बहुतेक वेळा घोरायला लागायचे. त्या तासात तिला कधी घाम आला नाही. दिवसातला तेवढाच एक तास तिला स्वतःचा वाटायचा.

सहा आठवडे झाले त्या दिवशी काका उठून बसले, बूट चढवले आणि म्हणाले, "झालं आपलं काम. पट्टे राहू द्या तुमच्याकडे."

"पाठ बरी आहे ना पण?"

"उत्तम आहे," काका म्हणाले आणि चालते झाले.

पुढचे चार दिवस तो तास रिकामा गेला. पाचव्या दिवशी नणंदच म्हणाली, की त्यांच्याशिवाय सकाळ सुनी सुनी वाटते, बरे असतील ना ते? त्यांची पिशवीही इथेच राहिली होती. वहिनीला भरून आलं. बेवारशासारखा घरात एकटा पडला असेल बिचारा, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं. तिने पिशवी घेतली, तेलाची नवी बाटली घेतली, वास बघायला तिचं घट्ट झाकण एका हाताने सहज उघडून पुन्हा लावलं, वहीतून पत्ता उतरवला आणि निघाली.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार एका गोऱ्या, ठेंगण्या काकूंनी उघडलं. वहिनी गोंधळली. काकांची पाठ कशी आहे ते विचारायला आले, असं कसंबसं म्हणाली.

"त्यांची पाठ?" काकू म्हणाल्या. "तिला काय धाड भरलीय?"

मग वहिनीच्या हातातली बाटली आणि पिशवी त्यांनी बाजूला ठेवली. तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, अंगठा करंगळीला टेकवायला लावला, आणि हात न सोडता आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, तुमच्या पेशंट आल्यात."