तोफेतलं घरटं

वर तोफ नव्हतीच. तिने किल्ल्याचे सगळे बुरूज पालथे घातले. तोफ नाही, तोफेच्या तोंडातलं घरटं नाही, पिल्लं तर नाहीतच.

आईने मात्र मागच्या वर्षी इथून फोनवर सगळं रंगवून सांगितलं होतं. "पोचले बाई एकदाची वर! तोफेच्या तोंडात चिमणीनं संसार थाटलाय!" घरी परतल्यावर पंधरवड्यात आई गेली. हृदय बंद पडलं. "अलीकडे काही श्रम झाले होते का?" डॉक्टरांनी सहज विचारलं. "किल्ला चढली होती," एवढंच ती बोलू शकली. समुद्राकाठची ही खोली तिनेच आईला हौसेने भाड्याने घेऊन दिली होती. किल्ला बघितल्याशिवाय परत यायचं नाही, असा दमही तिनेच भरला होता. आज तीच चढण चढताना ती वळणावळणावर थांबली. इथे आईला धाप लागली असेल. इथे भिंतीला धरून उभी राहिली असेल.

ती खाली, आईच्याच त्या मुक्कामी परत आली तेव्हा नाश्त्याची वेळ टळली होती. तरी घरमालकीणबाईंनी तिच्यासाठी टोस्ट झाकून ठेवले होते. येणारेजाणारे सगळे त्यांना मावशीच म्हणत. ती खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली.

"मावशी, वरची तोफ कुठे हलवली हो?"

मावशींच्या हातातली किटली थबकली. "अगं बाई! नाहीच का वर तोफ?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी कशाला तडमडायला जातेय तिथे? गुडघे बघ माझे." मावशी समोर बसल्या. "आता तिचं गुपित ठेवून तरी काय करू? तुझी आई किल्ल्यावर गेलीच नाही. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं, सरबत प्याली नि आली परत. म्हणे, एवढं चढायला मला काय वेड लागलंय? मग सगळे दिवस ह्याच खुर्चीत. पाय त्या स्टुलावर. पाहुण्यांच्या अशा नकला करायची, हसून हसून माझं पोट दुखायचं. संध्याकाळ झाली की मात्र धाबं दणाणायचं. 'लेकीचा फोन येईल गं, काहीतरी सुचव, नाहीतर ओरडेल.' तोफ मी सुचवली. घरटं तिनं पदरचं घातलं."

"एक पायरीसुद्धा चढली नाही?"

"एकसुद्धा नाही."

मग तिने टोस्ट उचलला. पार गार झाला होता. तिने तो सगळा खाल्ला. मग दुसराही.

"उद्या राजवाडा ना?" मावशींनी विचारलं.

"हो. दादानं बजावलंय, बघितल्याशिवाय यायचं नाही. संध्याकाळी फोन करणार आहे."

तिने पायानेच स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर पाय पसरले.

"बोला मावशी. काय काय ठेवू या राजवाड्यात?"